जिन्यावरची वाट

१

डोंगरावर जायच्या दिवशी माझी भूक पळते आणि ओटिया काकांची दुप्पट होते. मार्चमधल्या त्या सकाळीही तेच झालं. मी स्वयंपाकघरात उभी राहून स्कीच्या तळाला चढणीचे केसाळ पट्टे चिकटवत होते. काका चुलीपाशी बसून आईने बांधलेली शिदोरी पुन्हा सोडून बघत होते.

"वहिनी, कुबदारी तीनच?"

कुबदारी म्हणजे आमची मांस भरलेली जाड पोळी. एक खाल्ली की संध्याकाळपर्यंत दुसरं काही लागत नाही.

"तिघंच तर चाललाय, भाऊजी."

"तिघं आम्ही. वाटेत कोणी भेटलं म्हणजे?"

"हिमनदीवर कोण भेटणार आहे तुम्हाला?"

"आपल्या घरातून मोजून शिदोरी कधीपासून निघायला लागली ते सांग आधी."

आईने चौथी कुबदारी फडक्यात ठेवली. काकांशी वाद घालून कोणी जिंकलेलं आमच्या घराला माहीत नाही. वडिलांचे हे धाकटे भाऊ. साठी उलटली, लग्न केलं नाही, पण चढणीला अजून माझ्या पुढे जातात. त्यांना एकच खोड. तोंडात घास घालायच्या आधी इकडेतिकडे बघायचं आणि जो दिसेल त्याला हाक मारायची. तशी खोड आमच्या ह्या डोंगराळ मुलुखात, स्वानेतीत, सगळ्यांनाच आहे, पण काकांनी एकदा गाडी अडवून दंड करणाऱ्या पोलिसालाच शेजारी बसवून चीज-भाकर खाऊ घातली होती. दंड भरला तो वेगळाच.

आमचं घर लाबेर गावातलं सगळ्यात वरचं. मागे जुना दगडी बुरूज आणि बुरुजाच्या मागे मेझीर डोंगर, खांद्यापासून पायापर्यंत बर्फात. वडील गेल्यावर माझा धाकटा भाऊ क्वीचा याने स्वतः खपून माडीवर पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. उन्हाळ्यात पायी भटकणारे येतात, ऑगस्टमध्ये दोर घेऊन शिखर चढणारे येतात. मग बर्फ पडतं आणि माडीवर फक्त थंडी मुक्कामाला राहते. ह्याच कारणाने गावातली निम्मी घरं कुलूप लावून खाली मैदानात गेली. क्वीचाची बायको नातेलाही नाताळानंतर बाळाला घेऊन माहेरी, रुस्तावीला गेली ती आलीच नव्हती. क्वीचाने मला सरळ सांगितलं होतं, "ताई, ह्या हिवाळ्यात वाट सापडली तर नातेलाला परत आणतो. नाही तर बटाटे लावायच्या आत कुलूप. आईलाही नेणार."

वाट म्हणजे स्कीची वाट. मेझीरच्या खिंडीपासून आमच्या अंगणापर्यंत असा उतार आहे की जगातले स्कीवाले त्यासाठी रांग लावतील. अडचण फक्त मधल्या जिन्याची. हिमनदी कड्यावरून उतरताना जिथे फुटून तिचे तुकडे तुकडे होतात, त्या टप्प्याला गाव जिना म्हणतं. घराएवढे बर्फाचे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये तळ न दिसणाऱ्या भेगा. उन्हाळ्यात बाजूच्या खडकावरून वळसा घालता येतो, पण हिवाळ्यात त्या खडकावर वरून हिम कोसळतं. जिन्यातून स्की घालून कोणी उतरलेलं नव्हतं. मी परीक्षा देऊन वाटाडी झालेली बाई, पिक्रिया माझं नाव, आणि कित्येक हिवाळे मी दुर्बीण लावून त्या जिन्याकडे बघत बसले होते. ह्या वर्षी बर्फ भरपूर पडलं होतं. भेगांवर बर्फाचे जाड पूल बसले असणार होते. ह्या वर्षी नाही तर कधीच नाही.

२

उन्हं वरच्या कड्यावर आली तेव्हा आम्ही हिमनदीवर होतो. मी पुढे, काका मध्ये, क्वीचा शेवटी, तिघं एका दोरावर. आदल्या आठवड्यातलं बर्फ बसून घट्ट झालं होतं आणि वर बोटभर नवं पडलं होतं. असं बर्फ वर्षातून एखाद्या दिवशी मिळतं. मला मोठ्याने गावंसं वाटत होतं.

"ताई, जरा हळू," मागून क्वीचा ओरडला. "उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग."

"नवरा तू आहेस. तुझीच बायको आणायची म्हणून पळतेय मी."

"दोघंही गप्प बसा," काका म्हणाले. "मला भूक लागलीय."

जिन्याच्या पायथ्याशी, हिमनदीच्या मधोमध, एक काळा खडक बर्फातून वर आलेला आहे. त्याच्या भोवती भेगा नसतात म्हणून सगळे तिथेच बसतात. आम्ही दोर सोडला, फडकं पसरलं. काकांनी घरच्या दारूची छोटी बाटली काढली. वारा नव्हता. खाली दरीत लाबेरच्या बुरुजांची टोकं दिसत होती आणि आमच्या घराचा धूर.

तेवढ्यात मला तो आवाज आला. स्कीखालचे पट्टे बर्फावरून सरकतात तेव्हा कोणी सुपात धान्य पाखडतंय असा आवाज होतो. तसाच, संथ, अगदी सारख्या लयीत. तो खडकाच्या पलीकडून येत होता, बर्फाच्या एका उंचवट्याआडून. मी क्वीचाकडे बघितलं. त्यालाही ऐकू येत होता.

काकांच्या हातात घास होता. त्यांनी विचारबिचार केला नाही. जन्मभर केलं तेच केलं.

"कोण आहेस रे बाबा," त्यांनी हाक मारली. "ये, भाकर खाऊन जा."

आवाज थांबला.

आम्ही वाट बघितली. कोणी आलं नाही. क्वीचा उठून उंचवट्यापर्यंत गेला, पलीकडे बघून परत आला.

"कोणी नाही. माणूसही नाही, माग पण नाही. बर्फ खाली बसत असेल. काका, तुम्ही आज हिमनदीलाच जेवायला बोलावलंत."

"बोलावलं तर बोलावलं. पाहुणा देवाने धाडलेला असतो. कोण येतं ते आपण कशाला बघायचं?"

मीही हसले. बर्फ थरांमध्ये दबतं तेव्हा तऱ्हेतऱ्हेचे आवाज होतात, हे मी स्वतः लोकांना शिकवते. फक्त एक गोष्ट मनात राहिली. चालता चालता थांबलेला आवाज पुन्हा सुरू झाला नव्हता. जो थांबला तो तिथेच थांबून होता.

निघताना काकांनी चौथी कुबदारी खडकावर ठेवली आणि शेजारी दारूचा घोट ओतला. ज्याला बोलावलं त्याचा वाटा ठेवायचा, ह्यावर आमच्याकडे कोणी वाद घालत नाही. मीही घातला नाही.

३

जिन्याच्या पहिल्या ठोकळ्याला वळसा घातला आणि मी जागच्या जागी थांबले. दोर ढिला पडला. मागून काका येऊन मला धडकले.

समोर माग होता. स्कीच्या दोन समांतर रेघा, ताज्या, वर चढत गेलेल्या.

मला आधी राग आला, हे कबूल करायला हवं. माझा जिना, आणि कोणीतरी माझ्या आधी. मग मी तो माग वाचला आणि राग कुठल्या कुठे गेला. मी बरीच वर्षं हे काम करतेय, पण असा माग कधी बघितला नव्हता. चढ कुठे चिमूटभर जास्त नाही की कमी नाही. जिथे वळायला हवं तिथेच वळलेला. मला दुर्बिणीतून वर्षानुवर्षं जो ठोकळा आडवा यायचा, त्याच्या पोटाखालून बर्फाची एक अरुंद फळी गेली होती. खालून ती दिसणं शक्यच नव्हतं. माग त्या फळीवरून सरळ गेला होता.

"आयला," क्वीचा म्हणाला. "हे कुणी काढलं?"

"पलीकडच्या खोऱ्यातला कोणीतरी असेल. पहाटे खिंडीतून उतरला असेल आणि आता परत चढत असेल."

"आणि आपल्याला दिसला नाही?"

"ठोकळ्यांआड असेल. तू चल तर खरा."

मला थांबवत नव्हतं. प्रत्येक पुलावर मी काठी खुपसून बघत होते आणि प्रत्येक पूल दगडासारखा घट्ट लागत होता. एकेक कोडं सुटत होतं आणि मी लहान पोरीसारखी मागे वळून ओरडत होते, "बघ, इथून. अरे, इथून."

अर्ध्यावर गेल्यावर लक्षात आलं की मागाच्या दोन्ही बाजूंना काठ्यांची भोकं नाहीत. स्की घालून चढणारा माणूस हातातल्या काठ्या टेकत चढतो. आमच्या मागे बघितलं तर आमची भोकं दोन्हीकडे टाके घातल्यासारखी दिसत होती. त्याची एकही नव्हती. असेल एखादा हट्टी माणूस, मी स्वतःला सांगितलं. काही लोक काठ्या पाठीला बांधूनही चढतात. एवढ्या उभ्या चढावर मी कोणाला तसं करताना बघितलेलं नव्हतं, पण म्हणून काय कोणी करतच नसेल?

मग रेघांच्या कडांकडे लक्ष गेलं. कडेवरून बर्फाचे कण अजून आत घरंगळत होते. म्हणजे तो अगदी पुढच्याच वळणाआड होता. मी वेग वाढवला. पुढच्या वळणाआड कोणी नव्हतं, पण तिथेही कण घरंगळत होते.

"काका," मी म्हणाले, "हे बघितलंत?"

काकांनी लोकरीची टोपी मागे सारली आणि मागाकडे बराच वेळ बघितलं. त्यांचा चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा फुलला होता.

"पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही, पोरी. तुला जे हवं होतं ते त्याने आणलंय. घे आणि गप्प चल."

"पाहुणा जेवला कधी पण?" क्वीचाने विचारलं.

"ते त्याचं त्याला माहीत."

४

खिंडीत पोचलो तेव्हा दुपार व्हायची होती. पलीकडचं खोरं उन्हात पसरलेलं होतं आणि त्या बाजूला बर्फावर एक ओरखडासुद्धा नव्हता. तिकडून कोणी आलेलं नव्हतं आणि तिकडे कोणी उतरलेलंही नव्हतं. माग खिंडीच्या माथ्यावर वळला होता आणि आमच्याच बाजूला, जिन्याच्या डाव्या अंगाने खाली गेला होता. आता त्या चढायच्या रेघा नव्हत्या. उतरणाऱ्या स्कीची गोल, मोठी, मोकळी वळणं होती.

क्वीचा त्या वळणांकडे बघत म्हणाला, "ताई, मला हे बरोबर वाटत नाही."

"मलाही वाटत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. पण माझे हात तोवर पट्टे सोलून काढत होते, बुटांचे खटके उतारासाठी लावत होते. भीती होती, नाही असं नाही. पण ती आनंदाच्या मागे कुठेतरी, खूप मागे उभी होती.

आणि मग आम्ही उतरलो. ते कसं सांगू? पहिल्या वळणाला बर्फ गुडघ्यापर्यंत उडालं आणि पोटात कोणीतरी गुदगुल्या केल्या. दुसऱ्या वळणाला मी ओरडत होते. ठोकळे दोन्ही बाजूंनी निळे, हिरवे होऊन मागे पळत होते आणि त्यांच्यामधून ती वाट अशी वळत होती की मला काही ठरवावंच लागत नव्हतं. जिथे वेग हवा तिथे उतार, जिथे थांबायचं तिथे सपाटी. भेगांच्या तोंडावरून पूल असे ओलांडले की खालचा काळोख डोळ्यांच्या कोपऱ्यातून फक्त चाटून गेला. काका माझ्या पुढे होते, टोपी हातात धरून, पांढरे केस उडवत. क्वीचा मागून आईची शपथ घेऊन घेऊन हसत होता. तेवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

काळ्या खडकापाशी आम्ही थांबलो. क्वीचाने मला मिठी मारली आणि रडायला लागला.

"उद्याच जातो रुस्तावीला," तो म्हणाला. "नातेलाला म्हणतो, गाठोडं बांध. ताई, लोक येतील. बघ तू, माडी पुरायची नाही."

मी त्याच्या पाठीवर थोपटत होते आणि त्याच्या खांद्यावरून मला खडक दिसत होता. कुबदारी तिथे नव्हती. डोमकावळ्यांनी नेली असेल. पण डोमकावळे खातात तेव्हा चुरा करतात, आणि खडक जेवणानंतर कोणीतरी पुसून ठेवल्यासारखा स्वच्छ होता.

५

ढग खालून वर आला. आधी लाबेर दिसेनासं झालं, मग दरी, मग आमच्या भोवती सगळं दुधासारखं झालं.

त्या ढगातून आवाज पुन्हा सुरू झाला. धान्य पाखडल्यासारखा, संथ. ह्या वेळी तो खडकाच्या अलीकडून निघाला आणि आमच्यापासून लांब जायला लागला.

काकांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, अंगरख्याची बटणं लावली.

"पाहुणा निघाला," ते म्हणाले. "पोचवून येतो."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. पण ते खाली बसून स्कीला पट्टे चिकटवत होते. आमच्याकडे पाहुणा निघाला की यजमान त्याच्याबरोबर चालत जातो, गावाच्या वेशीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे. पाहुणा "आता वळा" म्हणेपर्यंत यजमानाने वळायचं नसतं.

"कुठे पोचवणार आहात? काका, आवाज कुठून येतोय बघा. वाडग्याकडून येतोय."

वाडगा म्हणजे मेझीरच्या भिंतीखालचा खोलगट भाग. तिथे बर्फाखाली नुसत्या झाकलेल्या भेगा आहेत. भर उन्हाळ्यातही तिकडे कोणी पाऊल टाकत नाही.

"तो जिकडचा असेल तिकडे," काका म्हणाले. "भाकर खाल्ली, वाट दिली. आता त्याला एकट्याला जाऊ देऊ? तुझा बाप काय म्हणाला असता?"

"वडील म्हणाले असते, ओटिया, गप्प घरी चल."

"तुझा बाप असं कधीच म्हणाला नसता, आणि ते तुलाही माहीत आहे."

त्यांनी दोराचं एक टोक कमरेला बांधलं. दुसरं टोक हातात घेऊन ते क्षणभर उभे राहिले आणि मग त्यांनी ते पुढे ढगात टाकलं, आपण कोणाच्या हातात द्यावं तसं, अदबीने.

दोर बर्फावर पडला. मग उचलला गेला. मग ताणला गेला.

काका एक पाऊल पुढे सरकले, आणि दोर तेवढाच पुढे गेला, ओढत नव्हता, घाई करत नव्हता, बरोबरीने चालणाऱ्या माणसासारखा. मी धावत जाऊन काकांना मागून कवेत धरलं. ते थांबले नाहीत. आम्ही दोघं पुढे सरकायला लागलो. माझ्या स्की बर्फावर आडव्या होत्या, मी सगळा भार मागे टाकला होता, तरी आम्ही सरकत होतो, हळूहळू, काही विशेष घडतच नसावं तसं.

"सोड, पोरी. मीच बोलावलंय त्याला."

ढग जरा विरळ झाला. दोराच्या पलीकडच्या टोकाशी कोणीतरी उभं होतं. उंच, आमच्याकडे पाठ करून. खांद्यांवर बर्फ होतं, आणि ते आजचं नव्हतं, कडक होऊन बसलेलं होतं. दोराचं टोक त्याच्या हातात होतं आणि मान किंचित वाकलेली होती, म्हाताऱ्या यजमानासाठी थांबलेला माणूस वाकवतो तशी. त्याच्या वागण्यात काही वाईट नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मला माहीत होतं काय बोलायला हवं. आमच्या घराच्या उंबऱ्यावर ते शब्द कोणी, कधी उच्चारले नव्हते. वैऱ्यालासुद्धा नाही. पण काकांच्या कमरेला धरलेले माझे हात सुटत चालले होते.

"आमच्या घरात तुला भाकर नाही," मी म्हणाले. "तू आमचा पाहुणा नाहीस. जा."

त्याची मान जरा हलली. ऐकलं, असं सांगतात तशी. मग ढग पुन्हा मिटला आणि दोर खाली पडला.

काका गुडघ्यांवर बसले. त्यांच्या डोळ्यांत मला भीती दिसली नाही. त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. माणसाला भर चौकात कोणी थोबाडीत मारावी तसे ते दिसत होते.

"काय केलंस गं," ते म्हणाले. "काय केलंस हे."

६

वाट खरी होती. ढग ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी मी आणि क्वीचा पुन्हा गेलो, पुन्हा उतरलो. त्याचा माग बुजला होता पण आमचा होता. मी राजधानीतल्या, तिबिलिसीतल्या ओळखीच्या वाटाड्यांना छायाचित्रं धाडली आणि मार्च संपायच्या आत लोक आले. तिबिलिसीचे आले, पोलंडचे आले, समुद्रकाठच्या बाटुमीहून चार पोरं आली ज्यांना धड थांबताही येत नव्हतं. खाली गेलेल्या शेजाऱ्यांनी येऊन कुलपं काढली, चुली पेटवल्या. संध्याकाळी गावात इतके धूर निघायला लागले की आई अंगणात उभी राहून ते मोजायची आणि डोळे पुसायची.

आमच्याकडे कोणी आलं नाही.

सुरुवातीला मी हसण्यावारी नेलं. घर सगळ्यात वरचं, चढ पडतो, लोक दमलेले असतात. पण आमचं अंगण तर वाटेच्या शेवटाला होतं. लोक स्की करत अंगणाच्या कुंपणापर्यंत यायचे, स्की काढायचे, घराकडे बघायचे आणि खाली चालू पडायचे. आई दारात उभी राहून हाका मारायची. ते मान डोलवून नमस्कार करायचे, पण आत पाऊल टाकायचे नाहीत. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नसे. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, पण आमचे वासे जागेवर होते, खोल्या झाडलेल्या होत्या, गाद्या उन्हात घातलेल्या होत्या.

काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. रागाने नाही. त्यांना माझ्या तोंडाकडे बघायची लाज वाटायची. जेवायच्या वेळी ताट घेऊन ते गोठ्यात जाऊन बसत. तिथून एकदाही त्यांनी कोणाला हाक मारलेली मी ऐकली नाही.

एप्रिलमध्ये मी दोरोता नावाच्या एका पोलिश बाईला जिन्यातून उतरवलं. बाई पन्नाशीची, बोलकी, मनाने मोकळी. खाली आल्यावर मी तिला विचारलंच.

"तुम्ही गर्दीत, खालच्या घरात एका खोलीत चौघी झोपता. आमची माडी रिकामी आहे. आमच्याकडे का येत नाही?"

ती गोंधळली.

"मी आले होते की. पहिल्याच दिवशी. दारात एक माणूस उभा होता, त्याने परत पाठवलं."

"कोण माणूस? माझा भाऊ? की म्हातारे, लोकरीच्या टोपीतले?"

"नाही. उंच होता. अंगावर बर्फ होतं, मला वाटलं आत्ताच डोंगरावरून आलाय. फार नम्र होता हो. म्हणाला, या घरात भाकर नाही."

मी घरी येऊन दारात उभी राहिले. दरवाजा, उंबरा, बूट ठेवायची फळी. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. आतून आईचा आवाज आला, "कोण आहे? कोणी आलं का?"

"मीच आहे, आई."

"तूच होय," ती म्हणाली.

७

मे महिना लागला. अंगणातलं बर्फ वितळून चिखल झाला, चिखल वाळून माती झाली. शेजारी बटाटे लावायला लागले. आम्ही लावले नाहीत. क्वीचाने माडीवरच्या गाद्या गुंडाळल्या, खिडक्यांना फळ्या ठोकल्या आणि रुस्तावीला कळवलं की उद्या निघतो. आईने एकदाही नाही म्हटलं नाही. ती दिवसभर स्वयंपाकघरात होती. तिने एवढ्या कुबदारी केल्या की टेबलावर जागा राहिली नाही.

"एवढं कोण खाणार आहे?" क्वीचाने विचारलं.

"कोणी नाही," आई म्हणाली. "सवय आहे हाताला."

संध्याकाळचं ऊन अजून खिडकीत होतं. आम्ही चौघं जेवायला बसलो. शेवटचं जेवण म्हणून आईने काकांना गोठ्यातून ओढून आणलं होतं.

बाहेर पायरीवर कोणीतरी बूट आपटले. दारात आल्यावर बुटांचं बर्फ झाडायला माणूस आपटतो तसे, आधी एक, मग दुसरा. अंगण कोरडं ठणठणीत होतं. आदल्या कित्येक दिवसांत गावात बर्फ पडलेलं नव्हतं.

क्वीचा घास हातात धरून थिजला. काकांनी हळूच टोपी सरळ केली आणि ताठ बसले, पण तोंड उघडलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे. आई उठून दारापाशी गेली होती, एक हात कडीवर होता, आणि तीही माझ्याकडेच बघत होती. आम्ही तिला डोंगरावरचं काही सांगितलं नव्हतं. पण काका माझं तोंड टाळत होते, त्यावरून तिला एवढं कळलं होतं की जिने पाहुण्याला नाही म्हटलं, तिनेच हाक मारायला हवी.

मला खूप भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण मी खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आला तो आनंद. खिंडीतून पहिलं वळण घेताना झाला होता तसाच, पोटात गुदगुल्या करणारा. आमच्या दारात कोणीतरी आलं होतं.

"ये," मी म्हणाले. "भाकर खाऊन जा."

आईने दार उघडलं आणि आत येणाऱ्याला वाट द्यायला बाजूला सरली. मला दारात कोणी दिसलं नाही, फक्त थंड हवा पायांना लागली. आई भिंतीला टेकून, मान लववून उभी होती. एका माणसाला आत यायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला. तरी ती दारापासून हलली नाही. आणखी तेवढाच गेला, आणि आणखी. ती तशीच उभी होती, मधून मधून मान लववत, जरा बाजूला सरकत, जागा करून देत. तिचा चेहरा कित्येक वर्षांत दिसला नव्हता इतका खुलला होता.

क्वीचाच्या शेजारची रिकामी खुर्ची आपोआप सरकली. मग तिच्या पलीकडची.

"पिक्रिया," आई हळू आवाजात म्हणाली, "बसून काय राहिलीस? ताटं पुरायची नाहीत. माडीवरची सगळी घेऊन ये."

मी ताटं आणायला माडीवर गेले.